खापर मागायला गेले, बरणी घेऊन आले: गिरणाकाठच्या लाकूड-सोडा भट्टीची कार्यशाळा

मी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या भट्टीत खापर भाजून मिळेल का?"

जळगावात मी खापरावरच्या, म्हणजे चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या भांड्यावरच्या, पुरणपोळ्या करून देते, मांडेच म्हणा. आखाजी, पोळा, लग्नाची जेवणं, असं वर्षभर काही ना काही चालू असतं. गेल्या आखाजीला दोन दिवसांत माझी दोन खापरं तडकली, तीही सव्वाशे मांड्यांची ऑर्डर हातात असताना. शेजारणीचं खापर मागून आणून वेळ निभावली. तेव्हापासून डोक्यात एकच होतं, न तडकणारं खापर कुठं मिळेल? भाचीनं मोबाइलवर या कार्यशाळेची माहिती दाखवली. लाकडाचा जाळ, त्यात सोडा अ‍ॅश, आणि आच १२८० अंशांच्या आसपास. एवढ्या आचेतून निघालेलं भांडं माझ्या चुलीवर जन्मभर टिकेल, असं मला वाटलं.

फोन उचलणाऱ्या ताई म्हणाल्या, "काकू, खापर नाही होणार. पैसे भरायच्या आधीच सांगते."

मग त्यांनी कारण सांगितलं, आणि ते मला लगेच पटलं. आपलं खापर भरड मातीचं असतं आणि आव्यात, म्हणजे कुंभाराच्या उघड्या भट्टीत, बेतानंच भाजलेलं असतं. त्याच्या अंगात बारीक बारीक छिद्रं राहतात. खालून जाळ लागला की मधला भाग तापून फुगतो, कडा गारच असते, आणि हा ताण त्या छिद्रांमध्ये जिरतो. चीर पडली तरी ती लगेच आरपार धावत नाही. १२८० अंशांवर भाजलेली स्टोनवेअरची, म्हणजे जास्त आचेच्या पक्क्या भांड्यांची, माती मात्र काचेसारखी घट्ट होते. ती पाणी धरते, लोणचं धरते, पण थेट जाळावर ठेवली तर फुटते. "तुमचं खापर कच्चं नाहीये काकू, ते त्याच्या कामासाठीच तसं भाजलेलं आहे. तुम्ही बरणी करा," असं त्या म्हणाल्या. तीस वर्षं मी खापरासमोर बसते आहे, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या माणसानं गिऱ्हाईक हातचं जाईल हे माहीत असून खरं सांगितलं, त्याच्याकडे जायला हरकत नाही, एवढं त्या फोनवरच ठरलं.

जागा एरंडोल तालुक्यात, गिरणेच्या काठच्या एका मळ्यात आहे. जळगावहून एस.टी.नं फाट्यापर्यंत जायचं, तिथून घ्यायला गाडी येते. फी ८,५०० रुपये. त्यात सहा किलो माती, ग्लेझ (भांड्यावर काचेचा थर देणारं मिश्रण), लाकूड, भाजणी, जेवण आणि भट्टीच्या रात्री झोपायला गाद्या. काम तीन टप्प्यांत चालतं: डिसेंबरात दोन दिवस भांडी घडवायची, मग तीन आठवडे ती वाळतात आणि त्यांची पहिली कच्ची भाजणी तेच लोक करून ठेवतात, मग जानेवारीत भट्टी भरायची आणि पेटवायची, आणि तीन दिवसांनी ती उघडायला पुन्हा जायचं. नोकरी करणाऱ्यांना हे तीन हेलपाटे जड जातात. आमच्यातले दोघे भट्टी उघडायला येऊच शकले नाहीत.

आम्ही अकरा जण होतो. अमळनेरचे एक शिक्षक आणि त्यांची बायको, धुळ्याची आर्किटेक्चर शिकणारी मुलगी, भुसावळच्या एक डॉक्टर, रावेरकडचे एक केळीवाले भाऊ, शहाद्याच्या दोन बहिणी, आणखी काही. शिकवणारे दोघं, नवरा-बायको. त्यांना आम्ही दादा आणि ताईच म्हणत होतो.

घडवण्याच्या दोन दिवसांबद्दल फार लिहीत नाही. चाकावर माझा हात बसला नाही. वळकट्या करून एकावर एक रचत मी बरणी उभी केली, दोन्ही हातांनी आतून-बाहेरून चोपून अंग सारखं केलं. मांडा हातावर फिरवताना जसा सगळीकडे एकसारखा पातळ व्हायला लागतो, तसंच हे आहे. बरणी, तिचं झाकण, मिठासाठी दोन सटं, चार पेले आणि एक दिवा, एवढं माझं काम झालं.

त्या दोन दिवसांतली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. दादांनी जवळच्या गावातल्या एका कुंभारबाबांना बोलावलं होतं. त्यांनी येताना आपली माती आणली होती, तळ्यातली काळसर, चिकट, चाळलेली. आमच्या कार्यशाळेची माती पांढुरकी होती, गुजरातेतून थानगडकडून आणलेली. शिक्षकांनी विचारलं की इथलीच माती का वापरत नाही? दादांनी तोंडानं उत्तर दिलं नाही. बाबांच्या मातीचा एक चपटा तुकडा त्यांनी आमच्या मातीच्या वाटीत ठेवला आणि म्हणाले, हा भट्टीत जाऊ दे, उघडल्यावर बघू.

बाबा चारच वाक्यं बोलले असतील, सगळी अहिराणीत. एक मी लिहून ठेवलंय. दोन मडकी बोटानं वाजवून दाखवत ते म्हणाले, "कच्चं मडकं दबकं बोलस, पक्कं खणखण बोलस." हे ऐकून मला माझं माहेर आठवलं. माझं माहेर चाळीसगाव तालुक्यात, बहाळजवळ. गिरणेच्या काठावर तिथं १९५० च्या दशकात म. न. देशपांडे यांनी उत्खनन केलं होतं आणि ताम्रपाषाण युगातली वस्ती सापडली होती. लहानपणी नदीवर गेलो की आम्हाला लाल खापऱ्या मिळायच्या, त्यांच्यावर काळ्या रेघा. जोर्वे पद्धतीची म्हणतात ती भांडी, तीन हजार वर्षांहून जुनी. आम्ही त्या एकमेकींवर वाजवायचो आणि त्या धातूसारख्या वाजायच्या. जोर्वे भांड्यांची ती ओळखच आहे, हे मला मोठेपणी कळलं. गिरणेच्या काठच्या कुंभाराला त्या काळीही आगीची पक्की जाण होती.

आता जानेवारीचं सांगते.

भट्टी भरायला एक अख्खा दिवस गेला, आणि मला तो सगळ्यात उपयोगी वाटला. सोड्याच्या भट्टीत प्रत्येक भांडं छोट्या गोळ्यांवर उभं करावं लागतं. अ‍ॅल्युमिना आणि चिनी माती समसमान घेऊन, पाण्यात मळून, सुपारीएवढ्या गोळ्या करायच्या आणि भांड्याच्या बुडाला तीन ठिकाणी डिंकानं चिकटवायच्या. याला ते वॅड म्हणतात. सोड्याची वाफ जिथं पोचेल तिथं काच करते, आणि वॅड नसेल तर भांडं खालच्या फरशीला कायमचं चिकटतं. झाकण आणि बरणीच्या काठामध्येही असल्याच बारीक गोळ्या. मी माझ्या बरणीच्या काठावर सहा लावल्या. एकानं घाईत एका थाळीला दोनच लावल्या, त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

दुसरी गोष्ट ग्लेझची. बाहेरून आम्ही जवळजवळ काहीच लावलं नाही, काहींनी फक्त पातळ मातीचा हात दिला. बाहेरची चमक सोडा देणार होता. पण झाकण लावलेल्या बरणीच्या आत वाफ शिरत नाही, म्हणून आतून ग्लेझ ओतून, फिरवून, उरलेलं ओतून टाकायचं. लोणच्याची बरणी आतून कोरडी राहिली तर काही उपयोग नाही. ताईंनी प्रत्येकाच्या भांड्याच्या आत टॉर्च मारून तपासलं. शहाद्याच्या धाकटीची बरणी त्यांनी दोनदा परत पाठवली. तिला राग आला होता, पण ताईंचं बरोबर होतं.

भट्टीत जागा कुणाला कुठं, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. ही पद्धत मला मनापासून आवडली. कारण सगळ्या जागा सारख्या नसतात. जाळाच्या आडभिंतीजवळ, वरच्या थरात आग आणि सोडा भरपूर मिळतो, खालच्या मागच्या कोपऱ्यात कमी. मीठ भट्टीत टाकलं तर त्याची वाफ सगळीकडे फिरते. सोडा आळशी आहे, जाळाच्या वाटेत जे समोर येईल त्यावरच बसतो. त्यामुळे एकाच पेल्याची एक बाजू काचेसारखी आणि दुसरी कोरडी नारिंगी निघते. माझी बरणी वरच्या थरात गेली, दोन्ही सटं मागच्या कोपऱ्यात.

मिठाचा विषय निघाला म्हणून सांगते, मूळ पद्धत मिठाचीच आहे. जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यातले कुंभार मध्ययुगाच्या अखेरीपासून तापलेल्या भट्टीत मीठ टाकत आले. मिठातला सोडियम मातीतल्या सिलिका आणि अ‍ॅल्युमिनाशी जुळून काच करतो, पण सोबत हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ बाहेर पडते. ती टाळण्यासाठी १९७० च्या दशकापासून लोक मिठाऐवजी सोडा वापरू लागले. सोडा अ‍ॅश म्हणजे आपल्या धुण्याच्या सोड्यातलं पाणी काढून टाकलेला सोडा. भारतात असल्या जळणाच्या स्टोनवेअरचं नाव निघालं की पुद्दुचेरीची गोल्डन ब्रिज पॉटरी आठवते. ती रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली सुरू केली. दादांनी तिथल्या भट्ट्यांचे फोटो पहिल्याच दिवशी दाखवले होते.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला पूजा झाली, नारळ फुटला आणि राखेच्या खड्ड्यात अगदी लहान जाळ पेटला. रात्रभर तो तसाच लहान ठेवायचा. ५७३ अंशांजवळ मातीतला क्वार्ट्झ आपला आकार बदलतो आणि तिथं घाई केली तर भांडी तडकतात. चार-चार तासांच्या पाळ्या होत्या, एका पाळीत तिघं. माझी पाळी पहाटे दोन ते सहा. थंडी कडक होती. केळीवाले भाऊ, मी आणि धुळ्याची मुलगी असे तिघं बसलो, बोटभर जाडीची लाकडं एकेक करून आत सारत. दर पंधरा मिनिटांनी वहीत तापमान लिहायचं. त्या चार तासांत मी आयुष्यातला सगळ्यात सावकाश जाळ घातला असेन.

लाकडाबद्दल सांगते, कारण या कार्यशाळेत मला सगळ्यात जास्त कळलं ते लाकूड. बाभूळ होती, तिचा निखारा जड आणि टिकाऊ. कडुनिंब होता. सॉमिलमधली आंब्याची सालपटं होती. आणि गेल्या वर्षीच्या, पूर्ण वाळलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, दोन बैलगाड्या भरतील एवढ्या. पऱ्हाटीला निखारा जवळजवळ नाही, पण जीभ लांब. टाकल्या टाकल्या ज्वाळ भट्टीच्या पार मागच्या भिंतीला जाऊन चाटते. भरिताची वांगी ज्या जाळावर आपण भाजतो, तोच हा जाळ. एकूण दीड टन लाकूड लागलं असं वहीत आहे.

शनिवारी सकाळी ९०० अंश झाले. मग दादांनी धुराड्याचा डँपर, म्हणजे हवेचा ओढा कमी-जास्त करणारी झडप, थोडा सरकवला आणि तासभर भट्टी मुद्दाम धुरकट ठेवली. हवा कमी पडली की आग मातीतला ऑक्सिजन ओढून घेते, आणि मातीतल्या लोखंडाचे रंग त्यानं बदलतात. दुपारी ११०० झाले. सगळे खुशीत होते, डॉक्टरांना तर वाटलं रात्री दहाला घरी जाता येईल.

पाच वाजता ११८० वर तापमापकाचा काटा अडला.

सहा वाजले, ११८०. सात वाजले, ११७५. पाळीवरचे तिघं घाबरून जास्त जास्त लाकूड टाकत होते. धुराड्यातून काळा धूर येत होता. दादा तेव्हा गावात सोड्यासाठी गरम पाण्याची मोठी पातेली आणायला गेले होते. मी भाकरी करत होते. तिथून मला भट्टीचा आवाज ऐकू येत होता आणि तो आवाज मला ओळखीचा होता. चुलीत राख आणि निखारा साचला की जाळ असाच घुसमटतो, घुरघुरतो, आणि वरून कितीही काटक्या घाला, खापर गारच पडत जातं. मी उठून गेले आणि खालच्या जाळीतून पाहिलं, निखारा फूटभर चढला होता आणि हवेची वाट बुजली होती. मी ताईंना म्हटलं, "ताई, लाकूड थांबवा आणि निखारे ओढा." ताईंनी वाकून पाहिलं आणि लगेच लांब लोखंडी फावडं घेतलं. चार घमेली निखारे बाहेर आले. हवेची तोंडं मोकळी केली, बाभूळ बंद करून फक्त पऱ्हाट्या आणि बारीक सालपटं सुरू केली. पंधरा मिनिटांत धूर पातळ झाला, साडेआठला काटा १२१० वर गेला.

दादांनी परत आल्यावर हे वहीत नोंदवलं आणि मला सगळ्यांना पुन्हा समजावून सांगायला लावलं, निखारा कसा ऐकायचा ते. मला त्याचं फार बरं वाटलं. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला आगीचं ज्ञान असतं, हे सहसा कुणी वहीत लिहीत नाही.

बाहेर काढलेल्या निखाऱ्यांवर आम्ही वांगी भाजली. सोडा टाकायच्या आधीचे निखारे होते म्हणूनच, नंतरचे वापरायचे नाहीत. भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, कांद्याची पात. जेवण उत्तम, याला पूर्ण गुण.

रात्री एकच्या सुमाराला आठ नंबरचा कोन वाकला. कोन म्हणजे ठरावीक आचेला मऊ होऊन वाकणारी बोटभर मातीची शंकूसारखी कांडी. भट्टीच्या डोळ्यातून, म्हणजे आत बघायच्या भोकातून, वेल्डिंगची काच धरून, ती बघायची. काटा फक्त तापमान सांगतो, माती किती शिजली ते कोन सांगतो. आता सोड्याची वेळ झाली. अडीच किलो सोडा अ‍ॅश. निम्मा गरम पाण्यात विरघळवून फवारणीच्या पंपात भरला, कपाशीवर मारतो तोच पंप, पुढे मात्र लांब लोखंडी नळी. उरलेला लाकडाच्या भुशात आणि थोड्या चुनखडीच्या भुकटीत कालवून, वर्तमानपत्रात बांधून पुरचुंड्या केल्या. एक जण भोकातून फवारा मारतो, दुसरा आगीच्या तोंडात पुरचुंडी फेकतो, तिसरा डँपर सांभाळतो. फवारा आत गेला की भट्टी फस्सकन आवाज करते आणि डोळ्यातून पिवळीधमक जीभ बाहेर येते. सोडियमचा रंगच तो. रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यांचा असायचा तोच.

दर दोन-तीन खेपांनी एक कडी बाहेर काढायची. भट्टी भरतानाच डोळ्याजवळ मातीच्या सहा कड्या उभ्या ठेवल्या होत्या. लोखंडी सळईनं लाल झालेली कडी ओढून पाण्यात टाकायची आणि टॉर्चखाली बघायची. पहिली कडी मंद होती, जेमतेम ओलसर दिसावी तशी. तिसरीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे आले. पाचवी पाहून दादा म्हणाले, बस. तेव्हा पहाटेचे चार वाजले होते आणि दहा नंबरचा कोन पूर्ण लवला होता. डँपर बंद केला, सगळी तोंडं विटांनी बुजवली, वरून चिखल लिंपला. आम्ही अकरा जण न बोलता भिंतीला टेकून बसलो होतो. कुणी चहा केला, आठवत नाही.

आता माझी तक्रार, आणि ती मी दादा-ताईंना तोंडावरही सांगितली आहे. सोडा कसा हाताळायचा हे आम्हाला रात्री साडेअकराला सांगितलं. तोवर सगळे थकून गेले होते, दोघं तर उभ्या उभ्या पेंगत होते. सोडा अ‍ॅश पाण्यात टाकताना पाणी आपोआप तापतं, शिंतोडा कातडीला झोंबतो, डोळ्यात गेला तर इजा होते. हे दिवसाउजेडी, डोकं ताजं असताना सांगायची गोष्ट आहे. शिवाय अकरा जणांत डोळ्यांचे चष्मे तीन आणि जाड हातमोज्यांचे जोड चार, तेही पुरुषी मापाचे. माझ्या हातातून मोजा निसटत होता आणि समोर १२५० अंशांची आग होती. ८,५०० रुपये घेताना प्रत्येकाला त्याच्या मापाचा मोजा आणि चष्मा मिळायलाच हवा. बायकांसाठी एकच न्हाणीघर, तेही मळ्याच्या टोकाला आणि रात्री बिनदिव्याचं. पुढच्या खेपेला दिवा लावू असं ते म्हणाले आहेत.

मळ्याच्या फाटकावर 'प्रदूषणमुक्त भट्टी' अशी पाटी आहे. ती काढावी असं मला वाटतं. मिठापेक्षा सोडा बरा, हे खरंच. पण दीड टन लाकडाचा धूर झाला आहे आणि शेजारच्या मळ्यातल्या आजी दोन दिवस खोकत होत्या. पाटी लावून धूर कमी होत नाही.

आणखी एक. कुंभारबाबांना पाहुणे म्हणून बोलावलं, चहा दिला, फोटो काढले. त्यांना शिकवायला बोलवावं, पाटीवर त्यांचं नाव यावं, आणि शिकवण्याचे पैसे त्यांच्या हातात पडावेत. त्यांची चार वाक्यं मला दोन दिवसांच्या चाकापेक्षा जास्त देऊन गेली.

बुधवारी भट्टी उघडली. दारातल्या विटा काढताना अजून हाताला ऊब लागत होती. वरच्या थराकडे पाहिलं आणि धुळ्याची मुलगी रडायला लागली. तिचे सहाही पेले आडभिंतीसमोर होते, त्यांवर हिरवट राखाडी काच ओघळून थांबली होती, मागून तांबूस नारिंगी. केळीवाल्या भाऊंनी घरच्या केळीच्या खांबांची राख चाळून आणली होती. तिच्यात पोटॅश भरपूर असतो, तो आगीत काच लवकर वितळवतो. त्यांनी ती एका वाटीवर ग्लेझ म्हणून लावली होती. मधाच्या रंगाचे ओघळ आले, एक ओघळ फरशीपर्यंत पोचून वाटी चिकटली, पण भाऊ तुटलेल्या बुडासकट ती घेऊन गेले. दोन वॅडवाली थाळी फरशीवरून निघाली ती तीन तुकड्यांत. बाबांच्या मातीचा तुकडा वाटीत वितळून काळा-तपकिरी काचेचा डाग होऊन बसला होता. शिक्षकांनी ती वाटी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. आपल्या भागातली लोखंडाची आणि चुन्याची माती हजार अंशांपर्यंत राज्य करते, पुढे ती पाणी होते. आव्यात तिला कमी का भाजतात, याचं उत्तर त्या वाटीत होतं.

माझी दोन सटं मागच्या कोपऱ्यात कोरडीच राहिली, बाहेरून खरखरीत, विटेसारखी. चार पेल्यांतले तीन चांगले, एकाला कानाजवळ चीर. दिवा सुरेख.

बरणीचं झाकण उघडेना. वॅड असूनही एका बाजूला सोड्यानं काठ धरला होता. माझं काळीज हललं. ताईंनी लाकडी दांडका घेतला, झाकणाच्या काठावर फिरत फिरत हलक्या हातानं ठोकत राहिल्या, दोन मिनिटं, तीन मिनिटं. टक् असा आवाज झाला आणि झाकण सुटलं. आत ग्लेझ स्वच्छ, पांढरं, एकही भेग नाही. बाहेरून जाळाच्या बाजूला संत्र्याच्या सालीचे खळगे, दुसऱ्या बाजूला ऊन पडल्यासारखा तांबडा डाग. वॅडचे उरलेले खडे मी कार्बोरंडमच्या दगडानं घासून काढले. ते काचेसारखे कापतात, मोजे घालूनच घासा आणि दगड ओला ठेवा.

घरी आल्यावर बरणीची परीक्षा घेतली. काठोकाठ पाणी भरून वर्तमानपत्रावर दोन दिवस ठेवली, कागद कोरडा राहिला. मग आतल्या ग्लेझवर लिंबाची फोड रात्रभर ठेवली, सकाळी रंग उडाला नव्हता, चमक तशीच होती. आंबट लोणचं घालायच्या आधी ही परीक्षा कुणीही करावी, भांडं कितीही नावाजलेल्या जागचं असो. मग बोटानं वाजवली. खणखण बोलते.

खापरं मी त्याच कुंभारबाबांकडून घेतली, तीन, दीडशे रुपयांना एक. ती पहिल्यांदा कशी तापवायची हेही त्यांनाच विचारून घेतलं. माझी चूक अशी होती की मी नवं खापर पहिल्याच दिवशी भर जाळावर चढवत होते.

पुढची भट्टी पुढच्या जानेवारीत आहे. भावाला सांगून ठेवलंय की यंदा पऱ्हाट्या बांधावर जाळून टाकू नकोस, शेडखाली रचून ठेव, दोन गाड्या मला न्यायच्या आहेत. हातमोजे मी माझ्या मापाचे विकत आणलेत.